बुद्धिबळाचं ते फॉरवर्ड चुकीचं आहे

परवापासून इंदूरच्या आपल्या ग्रुपवर फिरतंय की जुनं बुद्धिबळ बंद, आता सोंगट्या वाट्टेल तशा मांडायच्या. काल सकाळी पोहे खाता खाता मीही पुढे ढकललं, चूक माझीच. बंद वगैरे काही नाही, २०२४ ला गुकेश जगज्जेता झाला तो नेहमीच्याच मांडणीवर. मागच्या ओळीतल्या सोंगट्या बदलून मांडायचा हा प्रकार वेगळा, जुना जगज्जेता बॉबी फिशरने १९९६ मध्ये जाहीर केलेला, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत शेवटी वेगळा दिलाय, आणि त्यातही वाट्टेल तसं नसतंच, दोन उंट वेगळ्या रंगांच्या घरांत, राजा दोन हत्तींच्या मधे, काळ्याची मांडणी समोर तशीच, प्यादी जागेवरच. म्हणून मोजून ९६० मांडण्या होतात, रात्री पोराबरोबर चार-पाच मांडून बघितल्या, आणि गंमत म्हणजे आपली नेहमीची त्यातलीच एक! तर काका-मावशी, ते पुढे पाठवू नका, आणि त्यापायी पोरांचे क्लास तर अजिबात बंद करू नका.