रेशीम शरीरात विरघळतं का? एका सर्जनच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आवडली असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. झोंबलीच. पण दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यातलं निम्म्याहून अधिक पटलं, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात. रेशमावरच्या लेखात मी लिहिलं होतं की रेशमाच्या प्रथिनापासून बनवलेला स्पंज शरीरात विरघळतो आणि त्याच्या जागी आपलीच ऊती भरून येते. डॉक्टरांचं म्हणणं असं की रेशमी टाका न विरघळणाऱ्या वर्गात मोडतो, हे एमबीबीएसच्या पोरालाही ठाऊक असतं. दीड वर्षानंतर व्रणातून रेशमी टाक्याची काळी गाठ बाहेर पडताना त्यांनी स्वतः पाहिली आहे. शिवाय माझा लेख म्हणजे ‘उंदरांच्या जिवावर माणसांना दाखवलेली स्वप्नं’, आणि सुश्रुताला त्यात उगाच ओढलंय.

सुश्रुताचं आधी मिटवतो. जखम शिवायच्या धाग्यांच्या यादीत ‘क्षौम’ आहे आणि मी ते बिनदिक्कत रेशीम म्हणून ठोकून दिलं. क्षौम हे क्षुमेचं, म्हणजे जवसाच्या वाखाचं सूत. रेशमाला कौशेय म्हणतात. ती ओळ काढून टाकली आहे.

‘विरघळतो’ हा शब्दही माझाच गाढवपणा. मीठ पाण्यात विरघळतं. रेशमाचं प्रथिन शरीरातली विकरं हळूहळू कुरतडतात. आता तुमच्या वर्गीकरणाकडे येऊ. त्याची मेख अशी की धाग्याचा जोर साधारण 60 दिवसांत बहुतेक संपला तर तो विरघळणारा, नाहीतर न विरघळणारा. रेशीम त्या कसोटीवर दुसऱ्या गटात जातं, पण अमर ठरत नाही. वर्षभरात त्याचा बराच जोर जातो आणि दोनेक वर्षांनी धागा बहुधा सापडतही नाही. म्हणजे पाठ्यपुस्तक खरंच आहे, फक्त ते धाग्याबद्दल बोलतं.

आणि धागा व स्पंज यांत किती अंतर आहे, हे मला हात भाजून घेतल्याशिवाय कळलं नव्हतं. कोष कात्रीने कापून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळले की सेरिसिन नावाचा डिंक निघून जातो. वजन पावएक उतरतं. उरलेला कापसासारखा पुंजका, म्हणजे फायब्रोइन, लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणात 60 अंशांवर चार तास ठेवला की मधाच्या रंगाचं द्रावण होतं. त्यातला लिथियम ब्रोमाइड निघून जावा म्हणून ते डायलिसिसच्या (फक्त बारीक रेणू बाहेर सोडणाऱ्या) नळीत भरायचं आणि दोन-तीन दिवस बाहेरचं पाणी बदलत बसायचं. पहिल्या खेपेला ते नीट मिसळावं म्हणून मी बाटली चांगली खळखळून हलवली. सकाळी येऊन पाहतो तर आत पांढरट जेलीचा गोळा. चार दिवस पाण्यात! हिसक्यांनी प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींवर घडी घालून बसल्या होत्या.

पुढच्या खेपेला तेच द्रावण बशीत वाळवून काचेसारखा पापुद्रा केला आणि त्याचे दोन तुकडे पाडले. एक तसाच पाण्यात टाकला: काही मिनिटांत बुळबुळीत झाला नि गायब. दुसरा आधी मिथेनॉलमध्ये बुडवला. तो पाण्यात जसाच्या तसा राहिला, चिमट्याने उचलता आला. रेणू तोच, मिथेनॉलने घड्या घट्ट बसवल्या इतकंच. उंदरांमध्येही हेच दिसलंय. पाण्यातून बनवलेला सच्छिद्र स्पंज दोन ते सहा महिन्यांत नाहीसा झाला, तर फ्लोरिनयुक्त द्रावकातून बनवलेला वर्ष उलटलं तरी होता.

टाक्याच्या धाग्यात तर अळीनेच या घड्या लांबीच्या दिशेने ओढून पक्क्या केलेल्या असतात. विकरांना दात रोवायला जागा कमी. त्यात तो धागा वेणीसारखा विणलेला, तंतूंच्या फटींत जंतू दबा धरतात. म्हणून तर त्यावर मेणाचा किंवा सिलिकोनचा थर देतात. गाठीपाशी सगळा माल एकाच ठिकाणी. तुमच्या काळ्या गाठीचं खापर मी प्रथिनापेक्षा विणीवर आणि गाठीवर फोडेन. सेरिसिनवरही सरसकट फोडणार नाही, लेखात फोडलं होतं तरी. नुसतं सेरिसिन वेगळं काढून तपासलं तर भक्षकपेशी फारशा खवळत नाहीत.

रेशमासाठी कोषातल्या अळ्या माराव्या लागतात, हा मुद्दा दुसऱ्या कोणी काढला आहे. कोष कापायचाच असल्याने इथे अखंड धागा लागत नाही, पतंग उडून गेलेला फुटका कोषही चालतो.

आता उंदीर. हाडात बसवायच्या रेशमी स्क्रूंबद्दल मी भरभरून लिहिलं, पण 2014 च्या त्या प्रयोगात 28 स्क्रू आणि सहा उंदीर होते, निरीक्षण आठ आठवड्यांचं. उंदराची मांडी आणि तुमच्या टेबलावरची मांडी यांत काय फरक आहे, हे मी तुम्हाला काय सांगणार? हा आकडा लेखात हवा होता, घातला. माणसांपर्यंत मात्र काहीच आलं नाही, हे मान्य नाही. मऊ ऊतींना आधार देणारी विणलेली रेशमी जाळी आणि स्वरतंतूला उठाव देण्यासाठी टोचायचे रेशमाचे कण, दोन्हींना अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय साधनं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची) परवानगी मिळालेली आहे. दोन्ही कामं आधार देण्याची किंवा जागा भरण्याची. नवा अवयव उगवण्याशी त्यांचा संबंध नाही, आणि माझ्या शीर्षकाने तसा आव आणला होता. शीर्षक बदललंय.

एक विचारायचं राहिलं. ती काळी गाठ पॅथॉलॉजीला पाठवली होतीत का? त्यात जंतू सापडले की परक्या वस्तूला घेरणाऱ्या नुसत्या महापेशींचा वेढा होता, हे कळलं तर माझं वरचं मत टिकतं की कोसळतं ते ठरेल.