पूल ओलांडून बी.कॉम. करू इच्छिणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

ज्या पालकांना आपली मुलगी एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात नेऊन बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला बसवायची आहे, त्यांनी त्या वर्षी सोयाबीन पेरू नये. पेरणी, डवरणी आणि निंदण या तिन्ही कामांना माणूस बांधावर लागतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत तोच माणूस महाविद्यालयाच्या खिडकीसमोर लागतो. मी यंदा दोन्ही करून पाहिले, म्हणून अधिकाराने सांगतो. माझ्या तीन एकरांत आज सोयाबीनपेक्षा तण उंच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे जन्म घेताना नदीचा काठ नीट पाहून घ्यावा. वर्धा नदीच्या पूर्वेला वर्धा जिल्हा आहे आणि तेथील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची आहेत. पश्चिमेला अमरावती आणि यवतमाळ हे जिल्हे आहेत आणि तेथील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची आहेत. मी स्वतः १९८१ साली बी.कॉम. झालो, तेव्हा १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या पदरात हे दोन्ही काठ होते. १ मे १९८३ रोजी अमरावतीला वेगळे विद्यापीठ झाले, ते आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना हवेच होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढे २०११ साली चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ झाले, त्यामुळे चुकीच्या काठावर जन्म घेण्याची सोय आता पूर्व विदर्भातही झाली आहे.

माझ्या भाचीने ही खबरदारी घेतली नाही. बहिणीचे सासर पलीकडच्या काठाला. माघात भाऊजी गेले आणि बहीण मुलीला घेऊन अलीकडे, माहेरी आली. मुलगी पलीकडच्या महाविद्यालयातून पहिले वर्ष चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली, दुसऱ्या वर्षाला अलीकडच्या महाविद्यालयात जायचे, एवढाच मामला. आमच्या शेताच्या धुऱ्यावर उभे राहिले की पलीकडच्या देवळाचा कळस दिसतो. याच नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचे माहेर. श्रीकृष्ण तिला रथात बसवून घेऊन गेले, आणि रुक्मीने सैन्य घेऊन पाठलाग केला तरी त्याला तिला अडवता आले नाही. बिचाऱ्याने सैन्याऐवजी आमच्याकडचा एक बाबू खिडकीवर बसवला असता, तर रथ जागचा हलला नसता.

प्रत्येक कागदाच्या सहा झेरॉक्स काढाव्यात. सातवी मागितली जाते.

पेपरांच्या नावांकडे लक्ष द्यावे. तिकडच्या गुणपत्रिकेवर लेखांकन असेल आणि इकडच्या अभ्यासक्रमात लेखाकर्म असेल, तर ते दोन वेगळे विषय समजले जातात. घसारा, म्हणजे वापराने वस्तूच्या किमतीत होणारी घट, दोन्ही काठांना सरळ रेषेनेच काढतात, ताळेबंदाच्या दोन्ही बाजू दोन्हीकडे सारख्याच यायला लागतात, हे सांगून काही उपयोग होत नाही, कारण सांगणारा खिडकीच्या बाहेर उभा असतो.

यानंतर टीसी, म्हणजे महाविद्यालय सोडल्याचा दाखला. येथे वाचकांनी जरा सावरून बसावे. अलीकडच्या महाविद्यालयात गेलो तेव्हा बाबूंनी सांगितले की टीसी आणि स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे जुन्या विद्यापीठाने सोडल्याचा कागद, जोडल्याशिवाय अर्ज घेता येत नाही. हे रास्त वाटले, म्हणून पलीकडे गेलो. पलीकडच्या बाबूंनी सांगितले की जेथे जाणार आहात तेथे जागा आहे असे पत्र आणल्याशिवाय टीसी देता येत नाही, नाहीतर उद्या पोरगी ना इकडची राहील ना तिकडची. हे तर मायेचे बोलणे होते, म्हणून अलीकडे आलो. अलीकडे कळले की जागेचे पत्र अर्ज दाखल असल्याशिवाय मिळत नाही, आणि अर्ज टीसी असल्याशिवाय दाखल होत नाही. मी म्हटले, एक फोन करा की पलीकडे. बाबू म्हणाले, "फोनवर असं नाही होत काकाजी." मग प्राचार्यांना भेटायचे ठरवले, तर साहेब नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या परिषदेच्या, मिटिंगले गेलेले. दुसऱ्या दिवशी गेलो तर साहेब जेवाले गेलेले. तिसऱ्या दिवशी साहेब होते, पण ज्या बाबूंकडे टीसीचे पुस्तक असते ते रजेवर होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात, त्यांच्याबरोबर, त्यांच्या गावी होती. शेवटी माझ्या एका जुन्या ओळखीच्या माणसाने कोठे तरी शब्द टाकला आणि जे पत्र देताच येत नव्हते ते दहा मिनिटांत टाइप होऊन आले. ते घेऊन पलीकडे गेलो. टीसीवर सही झाली, आणि शिक्का मारताना पॅडची शाई वाळलेली निघाली. बाबूंनी पेल्यातले पाणी पॅडवर शिंपडले, अंगठ्याने दोनदा दाबले आणि शिक्का उमटवला. अलीकडच्या बाबूंनी तो कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि विचारले, "हा शिक्का आहे की डाग?" त्या डागासाठी पुन्हा पूल ओलांडला.

स्थलांतर प्रमाणपत्र मात्र विद्यापीठाकडून वेळेत आले. ज्याचे माप त्याच्या पदरात घालावे.

आता क्रेडिटची, म्हणजे अभ्यासाच्या श्रेयांकांची, बँक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली नियम करून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाची बँक काढली. तिच्यात विद्यार्थ्याचा बारा अंकी क्रमांक असतो, आणि पहिल्या वर्षाची किमान ४० क्रेडिट तेथे जमा झाली की मुलाने संस्था बदलली तरी ती त्याच्यासोबत चालावीत, याच हेतूने ती बँक निघाली आहे. जमा झालेली क्रेडिट सात वर्षे टिकतात. त्याच सात वर्षांत प्रवेश मिळवून घ्यावा, असा त्याचा अर्थ मी लावला आहे. भाचीने मोबाइलवर आपले खाते उघडून दाखवले, तर बाबू म्हणाले की ऑनलाइनचे चालत नाही, प्रिंट आणा. प्रिंट आणली, तर म्हणाले की हिच्यावर जुन्या महाविद्यालयाचा शिक्का आणा. शिक्का, म्हणजे तोच पॅड.

शिक्षणातल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र हे प्रकरण खर्चिक आहे. बारावीनंतर एक वर्ष ही मुलगी बापाच्या आजारपणात दवाखान्याच्या व्हरांड्यात होती. तो खंड पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला एकदा मान्य झालेला असला तरी नदी ओलांडल्यावर तो नव्याने सिद्ध करावा लागतो आणि त्यासाठी मुद्रांक मागतात. शंभरचा मुद्रांक ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचशेवर गेला, हे सर्वांना ठाऊक आहेच. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ पासून माफ आहे आणि ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणि स्वतःच्याच सहीचे साक्षांकन चालते, या दोन तारखा मात्र खिडकीवर कधीही उच्चारू नयेत. मी उच्चारल्या. "ते सरकारी हाफिसाले, हे कॉलेज आहे," असे उत्तर मिळाले. पगार सरकारी तिजोरीतून येतो त्या दिवशी हे महाविद्यालय काय असते, ते विचारण्याचे राहून गेले.

मुलींना शिक्षण मोफत झाल्याची जाहिरात वाचून कोणी हुरळून जाऊ नये. २०२४ सालची ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे, आणि जमाखर्च शिकणे हा व्यवसाय नव्हे.

खर्चाचा हिशेब मात्र ठेवावा. आमच्या भाचीने ठेवला आहे. दोनशे पानी वहीच्या शेवटच्या पानावर तिने रेघा आखून रीतसर रोजकीर्द लिहिली आहे: प्रवेश खर्च खाते नावे, रोख खात्याला. एस.टी.चे तिचे तिकीट अर्धे, कारण १७ मार्च २०२३ पासून बायांना निम्मे भाडे आहे. माझे पूर्ण, कारण मला पासष्ट पूर्ण व्हायला अजून पौष उजाडायचा आहे. सहा फेऱ्या, झेरॉक्स, मुद्रांक, नोटरी, दोन वेळचा चहा आणि एकदा, शेवटची बस चुकली म्हणून, कोणाच्या तरी मोटारसायकलचे पेट्रोल. विवरण प्रत्येक नोंदीखाली कंसात, जसे पुस्तकात असते तसे. मी एकतीस वर्षे सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो, पण इतकी स्वच्छ कीर्द मी क्वचित पाहिली. (कर्जवाटपाच्या हंगामात बेबाकी दाखल्यासाठी, म्हणजे कर्ज थकलेले नाही या दाखल्यासाठी, मीही लोकांना फेऱ्या मारायला लावल्या असतील. या पावसाळ्यात त्यांतले दोन-तीन चेहरे मला आठवले.)

इथपर्यंत सल्ले झाले. आता प्राचार्य महोदय, दोन्ही काठांचे, तुमच्याशी बोलायचे आहे.

तुम्हाला फोन करता आला असता. हमीपत्र लिहून घेऊन या मुलीला तात्पुरता प्रवेश देता आला असता आणि टीसी पंधरा दिवसांनी जोडून घेता आली असती. हे तुम्ही दरवर्षी करता, ओळखीच्यांसाठी करता, संस्थेच्या संचालकांच्या नातलगांसाठी करता, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. यात विद्यापीठाचा नियम आडवा आलेला नाही, सरकार आडवे आलेले नाही, तुम्ही आडवे आलात. मूळ गुणपत्रिका ठेवून घेऊ नका असे अनुदान आयोगाने २०१८ सालीच बजावले आहे, तरी तिची गुणपत्रिका 'तपासून देतो' म्हणत तुमच्या कपाटात आठ दिवस पडून होती, आणि त्या आठ दिवसांत शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ती हवी म्हणून पोरगी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. तुमच्यापैकी एकानेही तिला आत बोलावून विचारले नाही की बाई, तू मधेच महाविद्यालय का बदलते आहेस. विचारले असते तर तिने सांगितले असते. बाप गेलेली वीस वर्षांची मुलगी शिकायचे म्हणते, तिच्यासमोर दोन सुशिक्षित माणसे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांकडे बोट दाखवत उभी राहतात, आणि आपण कार्यालय चालवतो असे त्यांना वाटते. लाज वाटायला हवी.

आणि हो, प्रवेश मिळाला. मुदत टळल्यावर मिळाला, म्हणून तीनशे रुपये विलंब शुल्क घेतले गेले, जणू उशीर आम्ही केला होता. ते रोख घेतले आणि ड्रॉवरमध्ये टाकले. भाचीने पावती मागितली तर "नंतर ये" म्हणाले. ती दोनदा जाऊन आली. वहीतली शेवटची नोंद तिने अशी लिहिली आहे: उचंत खाते नावे ३००, रोख खात्याला ३००, प्रमाणक नाही. लेखापरीक्षक असे उचंत, म्हणजे नक्की कोठे घालावे ते न ठरलेल्या रकमेचे, खाते ठेवू देत नाहीत, आणि प्रमाणकाशिवाय, म्हणजे पावतीच्या पुराव्याशिवाय, नोंद करू नये हे तुम्हीच पहिल्या वर्षाला शिकवता. ती सोमवारी पुन्हा खिडकीवर येईल. पावती फाडून ठेवा.