सन काय टाकू?

मोठ्या मायच्या सहस्रचंद्रदर्शनाला पडद्यावर जुने फोटो दाखवायचे ठरले आणि प्रत्येक फोटोखाली सन टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं. घरात भिंग फक्त माझ्याकडे आहे, एवढीच माझी पात्रता.

ट्रंक उघडली आणि कळलं की आमच्या घराण्यात फोटोच्या मागे काही लिहायचं असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. एकावर होतं, ते किराण्याचं उधार.

जिभाऊंच्या फोटोपासून सुरुवात केली. मागे स्टुडिओचा ताजमहाल, अंगात स्टुडिओचा कोट. घड्याळ मात्र स्वतःचं, कारण ते दिसावं म्हणून बाही कोपरापर्यंत सरकवलेली. एचएमटी! म्हणजे 1961 च्या आधीचा नाही, कारण त्याआधी कंपनीची घड्याळंच नव्हती. पण नंतरचा किती? ते घड्याळ अजून जिभाऊंच्या हातात आहे. बेलबॉटमचंही तेच. मुंबईत आली तेव्हा आली, अमळनेरच्या शिंप्यापर्यंत यायला वेळ लागला आणि मग ती थोरल्याची धाकट्याला, धाकट्याची सालदाराच्या पोराला. फोटोतल्या वस्तू ‘याच्या आधी नाही’ एवढंच सांगतात. ‘याच्या नंतर नाही’ म्हणायला आमच्याकडे कुणी काही टाकून तर द्यायला हवं!

रंगावर जावं, तर 70 च्या दशकातले रंगीत फोटो पेटीतल्या पेटीत लाल झालेले. निळा आधी उडून गेला, त्यामुळे एका लग्नात नवरदेवासकट सगळी वरात तापानं फणफणल्यासारखी दिसते. काळापांढरा म्हणजे फार जुना, असंही नाही. स्वस्त पडतो म्हणून तो आमच्याकडे 80 नंतरही चालू होता.

माणसांना विचारायची तर सोयच नाही. जन्म सगळ्यांचे 1 जूनचे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनीच ते ठरवले. भरवशाची तारीख एकच, मरणाची. आमचे आजोबा, आप्पा, 1984 च्या दिवाळीत गेले, यावर चार भावांचंही एकमत आहे.

आणि मग तो फोटो हाती आला. ओसरीवर भरिताची पंगत, केळीच्या पानांवर कळण्याच्या पुऱ्या, आप्पा मधोमध. भरीत म्हणजे हिवाळा. काकू उभ्या, त्यांच्या कमरेला लागेल एवढा चुलतभाऊ शेजारी. मागे भिंतीवर कालनिर्णय, म्हणजे 1973 च्या अलीकडचा. भिंग लावलं. जानेवारीचं पान, 1 तारीख गुरुवारी. असं जुळतं 1976, 1981 आणि 1987 ला. 1976 बाद, तेव्हा भाऊ पाळण्यात होता. मी 1981 लिहिलं.

काकूंनी चष्मा लावून ते वाचलं.

“सत्त्याऐंशी कर.”

त्यांचं म्हणणं, लग्न 1979 ला झालं, पुऱ्या अठराव्या वर्षी. मुलीचं लग्नाचं वय 15 वरून 18 झालं ते 1978 ला, त्यामुळे हिशोब कायद्याला धरून होता. फक्त 1981 ला कमरेएवढा पोरगा त्यात बसत नव्हता. मी आशेनं भावाकडे पाहिलं. पन्नाशी ओलांडल्याचं त्यानं अजून घरात कुणाला कळू दिलेलं नाही. तो म्हणाला, “आई म्हणते तर सत्त्याऐंशीच असेल.”

मी शांतपणे फोटोतल्या आप्पांवर बोट ठेवलं. 1984 ला गेलेला माणूस 1987 ला भरीत कसा खाईल?

काकू बराच वेळ सासऱ्यांकडे बघत राहिल्या. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि हळूच म्हणाल्या, “मंग आप्पासले काढी टाक ना फोटोमाईन. तुन्हा मोबाइलमा निंघतस ना माणसं?”