मामाच्या मशीनमधली एक जीबी रॅम कुठं गेली

मामाचं मिरजेत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची निमंत्रणं. तिथं अजून विंडोज ७ चालतं, कारण पेजमेकर (पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम) आणि जुने मराठी फॉन्ट त्यावर नीट बसलेत आणि नव्या मशीनवर फाईल उघडली की जोडाक्षरं नाचायला लागतात, म्हणून मामा ते मशीन सोडत नाही आणि मीही आग्रह करत नाही. तर ऐन सीझनमध्ये मामाचा फोन, "अरे, तू सांगितलंस तसं सगळं केलं, पण मशीन तर पार बसलं की रे."

मी काहीच सांगितलं नव्हतं! फॅमिली ग्रुपवर "जुना कॉम्प्युटर रॉकेट करा, कंपनी लपवते त्या ७ ट्रिक्स" असा फॉरवर्ड आला होता आणि मी न वाचता त्याला अंगठा दिला होता. मामाला वाटलं, भाच्याची मान्यता आहे. त्यामुळे आता हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात आधी तिसरी ट्रिक, कारण मामाची वाट तिनंच लावली. "रनमध्ये एमएसकॉन्फिग टाईप करा, बूट टॅब, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मॅक्झिमम मेमरीवर टिक करा, विंडोज पूर्ण रॅम वापरायला लागेल." अहो, टिक नसते तेव्हाच विंडोज पूर्ण रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, वापरतं! तो चौकोन मर्यादा घालायला आहे, कमी मेमरीत प्रोग्रॅम कसा चालतो ते तपासणाऱ्यांसाठी. मॅक्झिमम म्हणजे "यापेक्षा जास्त नको". मामाच्या मशीनला ४ जीबी रॅम, विंडोज ६४ बिटवालं. टिक केल्यावर बॉक्समध्ये ४०९६ (एमबी, म्हणजे ४ जीबी) आलं, मामाला वाटलं बरोबरच आहे की. पण गोम अशी की ४ जीबीच्या आतले मेमरीचे काही पत्ते (ॲड्रेस) ग्राफिक्स कार्ड वगैरे मंडळी अडवून बसलेली असतात, म्हणून तेवढी रॅम मदरबोर्ड ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर नेऊन ठेवतो. आणि ही टिक ४०९६च्या वरचं सगळं कापून टाकते. म्हणजे चारचा आकडा टाकून हातात तीनच. कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये स्वच्छ दिसत होतं, ४ जीबी, त्यातली युजेबल २.९६.

हे माझं डोकं नाही. मायक्रोसॉफ्टचाच ९७८६१० नंबरचा सपोर्ट लेख आहे, विंडोज ७मध्ये बसवलेल्या रॅमपेक्षा वापरता येणारी रॅम कमी का दिसते यावर, आणि त्यात उपाय म्हणून दिलंय की एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन मॅक्झिमम मेमरीची टिक काढा. कंपनी लपवते म्हणे! कंपनी बोंबलून सांगतेय की काढा आणि हे सांगतायत की लावा. त्याच खिडकीतल्या नंबर ऑफ प्रोसेसर्सचंही तसंच, टिक नसताना सगळे कोअर चालूच असतात.

चौथी ट्रिक वाचून मी खरंच हसलो. नोटपॅडमध्ये फ्रीमेम इज इक्वल टू स्पेस, कंसात ६४००००००, असं लिहून व्हीबीएस, म्हणजे छोट्या स्क्रिप्टची, फाईल करायची आणि डबल क्लिक मारायचा, "रॅम साफ". ती ओळ करते काय, तर ६ कोटी ४० लाख रिकाम्या जागा, म्हणजे स्पेसबारवाल्या, मेमरीत भरते. एकेका जागेला दोन बाइट, म्हणजे सव्वाशे एमबीच्या आसपास. मग स्क्रिप्ट संपते आणि ते परत मोकळं होतं. दुकान मोकळं करायचं म्हणून दारात पोत्यांची थप्पी लावायची, मग तीच उचलून न्यायची आणि म्हणायचं बघा कसं ऐसपैस वाटतंय. रॅम आधीच कमी असेल तर तेवढ्यात दुसऱ्या प्रोग्रॅमचा डेटा हार्ड डिस्कवर ढकलला जातो, म्हणजे तोटाच.

बाकीच्या भराभर. एफ५ दाबून रिफ्रेश केल्यानं डेस्कटॉपवरचे आयकॉन परत काढले जातात, बस, त्यानं स्पीड वाढत असता तर आमच्या कॉलेजच्या लॅबमधली मशिन्स उडाली असती. प्रीफेच फोल्डर रिकामा करू नका, प्रोग्रॅम उघडताना काय काय लागतं त्याची टिपणं तिथं असतात, ती उडवली की पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडायला उलट जास्त वेळ. "विंडोज तुमचं २० टक्के इंटरनेट चोरतं" ही तर एक्सपीच्या काळातली शिळी कढी. एखाद्या प्रोग्रॅमनं खास राखीव मागितल्याशिवाय १०० टक्के सगळ्यांना मिळतं, हे मायक्रोसॉफ्टनं तेव्हाच सांगितलंय.

"अपडेट कायमचं बंद करा" यावर मात्र डोकं फिरतं. मार्च २०१७मध्ये आलेलं एक अपडेट ज्यांनी टाकलं नाही त्यांच्याकडं मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस घुसला, ब्रिटनमधली सरकारी हॉस्पिटलं अडकली, आणि लागण झालेली बहुतेक मशिन्स विंडोज ७चीच होती. आता १४ जानेवारी २०२०पासून विंडोज ७चा फुकट सपोर्टच संपलाय, बंद करायला नवीन अपडेटच येत नाहीत, म्हणून ही ट्रिक आज निरुपयोगी आहे, शहाणपणाची नाही.

सातवी अर्धी खरी आहे, मान्य करतो, नाइलाजानं. व्हिज्युअल इफेक्ट्स बंद करून बेस्ट परफॉर्मन्स निवडलं तर जुन्या मशीनला थोडा हलकेपणा येतो, आणि स्टार्टअपमधली फालतू नावं काढली तर मशीन चालू व्हायला कमी वेळ लागतो. पण हे लपवलेलं वगैरे काही नाही. खरा फरक हवा असेल तर एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवा, कॅबिनेटमधली धूळ काढा.

मामाची टिक फोनवरच काढायला लावली, रीस्टार्ट, एक जीबी घरी आली. अपडेट येत नाहीत म्हणून नेटची वायर काढून ठेवलीय, मेल दुसऱ्या मशीनवर, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्हही आधी तिथंच तपासायचा. ग्रुपवरचा माझा अंगठाही काढलाय.