अस्वल येईपर्यंत बसून राहायचं

या सप्टेंबरात आम्ही बेला कूलाला जाऊन आलो. मी राहते त्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियाच्या मध्य किनारपट्टीवरच्या जंगलात हे गाव आहे. परत आल्यावर अटनार्को नदीत मासा धरून उभ्या असलेल्या ग्रिझली अस्वलाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत मावसभाऊ, आत्या, पुण्याच्या वहिनी, सगळ्यांचे निरोप आले. सूर एकच: तिकडच्या लोकांना शिस्त आहे, आपल्याकडे ती कधी येणार नाही. कुणीतरी लगेच नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला व्हिडिओ पुन्हा टाकला. २०२४च्या ३१ डिसेंबरला पर्यटकांच्या जिप्सींनी एफ-२ वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना रस्त्यात दोन्ही बाजूंनी कोंडलं होतं, तोच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली होती.

दादाने ग्रुपवर काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. दादा जुन्नर तालुक्यात आमची शेती बघतो, चार एकर ऊस आहे. "तुम्ही हजार किलोमीटर गाडी हाकत जनावर बघायला जाता," तो म्हणाला. "मी रात्री मोटर चालू करायला गेलो की ते बांधावर बसलेलं असतं." तो हसत नव्हता. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि रात्री त्याचं नाव घेत नाहीत.

ग्रुपवरचं ते शिस्तीचं बोलणं मला पटत नाही. दादाचं बोलणं मात्र मनातून जात नाही.

व्हँकुव्हरपासून बेला कूला साधारण हजार किलोमीटर. पहिल्या दिवशी फ्रेझर नदीच्या अंगाने विल्यम्स लेकपर्यंत गेलो. तिथून हायवे २० सुरू होतो आणि साडेचारशे किलोमीटरवर समुद्राला मिळूनच संपतो. मधलं चिलकोटिनचं पठार तासन्‌तास सरत नाही. कुरणं, मग पाइनची झाडी, मग २०१७च्या वणव्यात जळून काळ्या काठ्यांसारखी उभी राहिलेली झाडं, पुन्हा कुरणं. पेट्रोल दिसेल तिथे भरून घ्यायचं. समोरून एखादी गाडी आली तर चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतो. दिवसभरात अशा किती गाड्या आल्या ते माझ्या मुलीने मोजलं होतं, मोजता येतील इतक्याच होत्या.

मग हेकमन पास येतो, १,५२४ मीटरवर, आणि रस्ता खाली कोसळतो. डांबर नाही, कठडा नाही, काही वळणांवर १८ टक्के उतार. मी माळशेज घाटाजवळ वाढले आहे, तरी इथे हात घट्ट धरून बसले. खाली उतरून गाडी थांबवली तेव्हा ब्रेकचा जळका वास येत होता आणि तिघंही काही वेळ गप्प होतो. हा रस्ता सरकारने बांधलेला नाही. सरकार परवडत नाही म्हणत राहिलं, तेव्हा खोऱ्यातल्या लोकांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एक बुलडोझर वरून आणि एक खालून असं काम सुरू केलं. सप्टेंबर १९५३मध्ये दोन्ही बुलडोझर समोरासमोर आले. लोक त्याला फ्रीडम रोड म्हणतात. पुढे मी जे म्हणणार आहे त्याचा या रस्त्याशी संबंध आहे: जिथल्या लोकांचा निर्णय तिथल्या लोकांनी घेतला, की त्याला एक वेगळा टिकाऊपणा येतो.

खाली ट्वीड्सम्युअर पार्कात, अटनार्कोच्या काठावर बेलार्को नावाची जागा आहे. तिथे सफारी वगैरे काही नाही. लाकडी फलाट आहे, भोवती वीज सोडलेली तारेची कुंपणं आहेत आणि पार्कचे कर्मचारी आहेत. खाण्याचं सगळं गाडीत ठेवून यायचं, हळू बोलायचं आणि बसायचं. बस्स.

आम्ही तीन तास बसलो. पाऊस भुरभुरत होता. नदीभर पिंक सॅमन मासे, काही अजून प्रवाहाविरुद्ध अंग झोकत होते, काही अंडी घालून मरून काठाला लागले होते. त्या कुजक्या वासाची सवय व्हायला तासभर लागला. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं, ते लागोपाठ चौथ्या दिवशी आलं होतं आणि आदल्या दिवशी त्यांना एकही अस्वल दिसलं नव्हतं. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

मग पलीकडच्या झुडपांतून मादी आली, मागे दोन पिल्लं. तिने आधी वारा हुंगला. पाण्यात उतरून डोळ्यांपर्यंत तोंड बुडवलं आणि तशीच प्रवाहाबरोबर चालत राहिली, पाण्याखाली बघत. एकदम पुढचा पंजा आपटला. मासा दगडावर आणून पंजाने दाबून धरला आणि दातांनी पोट फाडून फक्त गाभोळी खाल्ली, नारिंगी दाणे तिच्या ओठांवरून गळत होते. उरलेला मासा पिल्लांनी ओढला, त्यातही भांडण. मासे भरपूर असले की अस्वलं असा चरबीचा भागच निवडून खातात, पुढचे कित्येक महिने गुहेत उपाशी काढायचे असतात. ती इतकी जवळ होती की नखं दगडांवर घासलेली ऐकू येत होती. एकदा तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, ओळखीची वस्तू पाहावी तसं, आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं. वीस मिनिटांनी ती वळणाआड गेली. नंतरही कुणी बोललं नाही.

ते बघताना मला कळलं की इथे सगळं व्यवस्थेवर चाललं आहे, स्वभावावर नाही. समुद्रातून मासा दरवर्षी याच नदीत येतो, माशामागे अस्वल याच जागी येतं, म्हणून माणसाला एका जागी बसवता येतं. आपण रोज त्याच जागी, त्याच वेळी, तसेच बसलेले असतो, म्हणून अस्वलाला आपली धास्ती वाटत नाही. अस्वलं मासे जंगलात ओढून नेतात आणि अर्धवट टाकतात, त्यातून समुद्रातला नायट्रोजन झाडांच्या खोडांत जातो. व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या टॉम राइमखेन यांनी झाडांच्या वाढीच्या कड्यांत तो शोधून दाखवला. म्हणजे आमच्या डोक्यावरचा देवदारही थोडासा माशावर वाढलेला होता.

आणि इथल्या लोकांच्या "रक्तातल्या शिस्ती"बद्दल. याच प्रांतात २०१७च्या डिसेंबरपर्यंत ग्रिझलीची हौसेने शिकार करायला परवाने मिळत होते. डोकं भिंतीवर टांगायचं, कातडं दिवाणखान्यात पसरायचं. किनाऱ्यावरच्या मूलनिवासी समाजांनी २०१२मध्येच आपल्या भूमीत अशी शिकार चालणार नाही असं जाहीर केलं, सरकार पाच वर्षांनी मागून आलं. त्याआधी, २००५पासून, रेनकोस्ट नावाच्या संस्थेने शिकारीचे व्यावसायिक हक्क चक्क विकत घ्यायला सुरुवात केली होती, वापरायचे नाहीत म्हणून. याच किनाऱ्यावरच्या ग्रेट बेअर रेनफॉरेस्टच्या ६४ लाख हेक्टरांतलं ८५ टक्के जंगल तोडीपासून वाचवणारा करार २०१६चा आहे, त्यामागे कित्येक वर्षांचे रस्ते अडवणं आणि बहिष्कार आहेत. मी इथे आले तेव्हा यातलं निम्मं झालेलंही नव्हतं. भांडून, नियम करून, पैसे मोजून इथले लोक इथवर आले आहेत. आत्याला मी हेच लिहिलं.

दुसरी बाजूही लिहिली, कारण परदेशात राहणाऱ्यांनी ती लपवू नये. या प्रांतात दरवर्षी शेकडो काळी अस्वलं सरकारी अधिकारी गोळी घालून मारतात. बहुतेकांचा गुन्हा एकच, माणसाच्या कचऱ्याला ती चटावली. आणि हे खोरं जे इतकं मोकळं, इतकं "निर्मनुष्य" वाटतं, ते तसं आपोआप झालेलं नाही. नुहाल्क लोकांची गावं इथे नदीकाठाने एकापाठोपाठ एक होती. १८६२च्या देवीच्या साथीने ती ओस पाडली. वाचलेली मोजकी माणसं एकत्र आली आणि त्यांचे वंशज आजही इथेच आहेत, या जमिनीवरचा हक्क त्यांनी सोडलेला नाही. फोटोत मागे दिसणारा तो सुंदर रिकामा काठ बघताना हे विसरता येत नाही, मला तरी नाही.

आता दादाचं. बेला कूलाच्या अख्ख्या खोऱ्यात दोनेक हजार माणसं आहेत, जुन्नर तालुक्यात काही लाख. बिबट्याची मादी उसात वितेय, पिल्लांना जंगल म्हणजे ऊसच माहीत. ऊसतोड सुरू झाली की ती पिल्लं उघड्यावर येतात. २००१पासूनच्या काही वर्षांत तिथले बिबटे धरून लांबच्या जंगलांत सोडण्याचा धडाका लावला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अभ्यास करून दाखवलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले. तरीही दर हल्ल्यानंतर तीच मागणी येते: पकडा, हलवा. नाहीतर गोळ्या घाला. ज्याचं लेकरू गेलं त्या घराने असं म्हटलं तर मी त्याला एका शब्दाने बोलणार नाही. पण शहरात बसून, चॅनेलवर हे बोलणाऱ्यांचं मला दुःख होतं, कारण त्यांना खरी मागणी माहीत नाही किंवा ऐकायची नाही.

खरी मागणी दादा दहा वर्षं करतोय: शेतीला दिवसा लाईट द्या. थ्री-फेज रात्री येते म्हणून माणूस रात्री उसात जातो, वाकून पाण्याचं बारं देतो, आणि वाकलेला माणूस बिबट्याला चार पायांच्या भक्ष्यासारखा दिसतो. बेला कूलात नॉर्वेहून आलेल्या जुन्या शेतकऱ्यांच्या बागा आहेत, सफरचंदाच्या दिवसांत अस्वलं तिथे येतातच. तिथे पहिला प्रश्न असतो, फळं वेळेवर उतरवलीत का, कुंपणात वीज आहे का, कोंबड्या कुठे ठेवता. माणसाची वेळ आणि जनावराची वेळ एकमेकांवर येऊ नये, एवढंच बघायचं. जुन्नरात त्या कुंपणाची जागा वीज मंडळाच्या वेळापत्रकाने घेतली पाहिजे.

आणि एक गोष्ट कॅनडाने आपल्याकडून शिकावी अशी आहे. इथे बागेत पुन्हा पुन्हा शिरणारं अस्वल मारलं जातं आणि त्याची फार चर्चा होत नाही. दादाच्या बांधावर बसलेल्या बिबट्याने दोन वर्षांत तीन शेळ्या आणि एक कुत्रा नेला, दादा अजून त्याच्या शेजारी राहतोय. नुकसानभरपाईचे कागद एकदा मंजूर झाले, दोनदा नाही. इतकी सहनशक्ती मी या देशात पाहिलेली नाही. तिला शिस्त म्हणत नाहीत, म्हणून ग्रुपवर तिचा उल्लेख होत नाही.

मग वाघ बघायला जिप्सी पळवणाऱ्यांचं काय करायचं? मला वाटतं, त्याचं उत्तर आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. कॉलेजात असताना मी बुद्ध पौर्णिमेला मेळघाटात पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेला गेले होते. हल्ली वनखातं त्याला निसर्गानुभव म्हणतं. दुपारी मचाणावर चढवलं, सोबत एक कोरकू वनरक्षक, पाण्याची बाटली, वही. सकाळपर्यंत उतरायचं नाही. चांदण्यात आधी रानडुकरं आली, मग सांबर, किती वेळ कान टवकारून उभं, मगच वाकलं. पहाटेच्या सुमारास एक अस्वल आलं, सोंडेसारखं तोंड लावून आवाज करत पाणी प्यालं आणि गेलं. वनरक्षकाने माझ्या मनगटावर हलकंच बोट टेकवलं होतं, हलू नको म्हणून. वाघ आला नाही. तेव्हा मला एकदाही वाटलं नाही की रात्र फुकट गेली.

बेलार्कोच्या फलाटावर मला तेच मचाण आठवलं. वर्षातून एका रात्री जे आपण करतो ते ताडोबात, उमरेडला, पेंचला रोजचं का होऊ नये? गाड्या निम्म्या करा, पाणवठ्यांपासून अंतर राखून पक्की मचाणं बांधा, ती कुठे बांधायची हे त्या जंगलाभोवतीच्या ग्रामसभांना ठरवू द्या आणि तिकिटाचा मोठा वाटा त्यांनाच द्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा जंगल संपेल म्हणणारे होते. ते गाव बांबू विकतं आणि जंगल राखतं. पर्यटक कुरकुरतील, एका फेरीत वाघ दाखवण्याचा धंदा बुडेल, काही जण येणार नाहीत. ज्यांना चार तास गप्प बसवत नाही त्यांनी वाघ टीव्हीवर पाहावा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा लांबच झालं. आत्याने अंगठा दाखवला. मावसभावाने विचारलं, मेळघाटच्या गणनेला नाव कुठे द्यायचं.

दादाचं उत्तर रात्री आलं, म्हणजे त्याची सकाळ. या आठवड्यात लाईट रात्री दहा ते सकाळी सहा आहे, एवढंच त्याने लिहिलं होतं.