बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला आत टाकण्याची खात्रीशीर पद्धत

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. मोजणी अजिबात करून घेऊ नका. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज द्या, फी भरा, लगतच्या खातेदारांना नोटिसा जाऊ द्या, मग भूकरमापक येणार, खुणा दाखवणार आणि शेजारी नक्की किती आत सरकलाय ते ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या नकाशावर, उतरणार. एकदा ते कागदावर आलं की भांडायला उरतं काय? शिवाय आपला बांध कुठे आहे हे तुम्हाला आजोबांपासून ठाऊक आहे. शेजाऱ्यालाही त्याच्या आजोबांपासून ठाऊक आहे. दोन आजोबांच्या बांधांत तीन फुटांचा फरक आहे, एवढंच, आणि त्या तीन फुटांत यंदा त्याच्या ट्रॅक्टरनं नांगर घातलाय.

तेव्हा थेट पोलीस ठाणं गाठा. ठाणे अंमलदार म्हणेल, “ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” त्यावर तुम्ही छाती काढून कायदा सांगायचा. भारतीय न्याय संहिता, कलम ३२९, म्हणजे फौजदारी स्वरूपाचं अतिक्रमण. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या दंड संहितेचं ४४७. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद, हातात देऊन तुमची बोळवण करता येत नाही. गुन्हा जामीनपात्रही आहे, पण हे घरात बोलू नका. बहुतेक वेळा नोटिशीवरच भागतं, अटकसुद्धा होत नाही. ज्याला आत टाकायला निघालात तो रात्री ओट्यावर बसून पान जुळवताना दिसला तर घरच्यांचा कायद्यावरचा विश्वास उडेल.

शिक्षा किती, हेही विचारू नका. शेतात घुसल्याबद्दल जास्तीत जास्त तीन महिने कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरात घुसला असता तर एक वर्षापर्यंत. जुन्या कायद्यात शेताचा दंड पाचशे रुपयांपर्यंतच होता, म्हणजे तुमच्या शेजाऱ्याची किंमत दसपट वाढली आहे, याचं समाधान माना.

आता फिर्याद. एकटं कलम उघडंबोडकं दिसतं, म्हणून सोबत शिवीगाळ, धमकी आणि चापट घाला. आरोपी एकच कशाला? त्याची बायको, दोन्ही मुलं आणि दिवाळीलाच फक्त गावी येणारा जावई, सगळ्यांची नावं ‘समान उद्देशा’त गुंफा. यानं फिर्याद भारदस्त होते. पुढे उलटतपासात समोरचा वकील तुम्हाला एकच प्रश्न विचारतो: जावई ट्रॅक्टरच्या कोणत्या बाजूला उभा होता? तुम्ही म्हणता डाव्या, तुमचा साक्षीदार म्हणतो उजव्या, आणि जावई दुसऱ्या जिल्ह्यात कामावर हजर असल्याचा कागद वकिलाच्या फाइलीतून बाहेर येतो.

फिर्यादीत एक गोष्ट मात्र चुकूनही लिहू नका: हेतू. नुसतं दुसऱ्याच्या रानात पाय ठेवणं हा गुन्हा नाही. ताब्यात असलेल्याला धाक दाखवणं, अपमान करणं, त्रास देणं किंवा एखादा गुन्हा करणं या इराद्यानं शिरलं तर गुन्हा. आपण गेल्यानं समोरचा चिडेल हे माहीत असणं वेगळं आणि त्याला चिडवायलाच जाणं वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वी स्पष्ट केलंय. तो नांगर घालताना काय बोलला, आधी तुम्ही त्याला हटकलं होतं का, तरीही तो का थांबला नाही, असला बारीकसारीक तपशील हेतू सिद्ध करतो. म्हणून तो वगळा आणि “आरोपी हा अत्यंत भांडखोर प्रवृत्तीचा इसम आहे” या वाक्यावर सगळा भार टाका. शेजारी शांतपणे म्हणेल, “ही माझीच जमीन समजून नांगरली.” मनापासून केलेला हक्काचा दावा असेल, तो चुकीचा का असेना, तर गुन्हेगारी हेतू बहुधा तिथेच लटका पडतो. हा समज खोटा आहे हे दाखवायला फार तर ‘क’ प्रत उपयोगी पडली असती. पण आपण पथ्य पाळलंय.

पंचनाम्याला तुमचे मेहुणे आणि चुलतभाऊ पंच म्हणून उभे करा. बाहेरचा माणूस सांगेल ते बघून सांगेल, घरचा माणूस सांगाल ते सांगेल. न्यायदंडाधिकाऱ्यांना आडनावं वाचता येत नाहीत, अशी श्रद्धा ठेवा.

दोषारोपपत्र गेलं की खरी करमणूक सुरू होते. हा समन्स खटला, म्हणजे हलक्या गुन्ह्याचा साध्या पद्धतीनं चालणारा खटला, त्यामुळे आरोपीला गुन्ह्याचा तपशील समजावून सांगतात आणि “कबूल आहे का?” विचारतात. तो नाही म्हणतो. मग तारीख. शिपाई दारातून पुकारा करतो तेव्हा तुम्ही चहाला गेलेले असता. पुढची तारीख. पुढे आरोपी क्रमांक पाचचा, म्हणजे जावयाचा, गैरहजेरी माफीचा अर्ज. आणखी पुढे साहेब रजेवर. या सगळ्यात तुम्ही सरकारी पक्षाचे फक्त साक्षीदार आहात, खटला सरकार विरुद्ध शेजारी असा आहे, हे तिसऱ्या वर्षी लक्षात येतं.

मधल्या काळात दोन दरवाजे निमूट बंद होतात. जबरीनं ताबा गेला असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. दोन्हींची मुदत सहा महिने. फौजदारीच्या नादात ते कधी उलटले, ते कोर्टाचा रोजनामाही सांगत नाही.

शेवट लोकअदालतीत होतो. गुन्हा तडजोडपात्र आहे, आणि तडजोड ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्यानं करायची असते. रान बटईनं दिलेलं असेल तर ताबा तुमचा की वाटेकऱ्याचा, असा नवा वाद तिथंच टेबलावर उभा राहू शकतो. वकील पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, पुढे सरकवतात: “उभय पक्षांत आपसात तडजोड झाली असून फिर्यादीची आरोपीविरुद्ध काही एक तक्रार राहिलेली नाही.” तुम्ही सही करता, जावईसुद्धा करतो. तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटका हाच असतो, म्हणजे त्याच नांगरटीबद्दल पुन्हा खटला नाही. बांध कुठे, याबद्दल पुरसीसमध्ये एक ओळ नसते.

येत्या मृगात तो आणखी फूटभर सरकला की दिवाणी वकिलाकडे जा. मालकीच्या जोरावर ताब्याचा दावा बारा वर्षांपर्यंत करता येतो. वकील चष्मा वर करतील, सातबारा बघतील, बाजूला ठेवतील आणि विचारतील, “मोजणी केली आहे का?”