बैल गेला? मग झोपा करायला घ्या, पण सावकाश

उद्या तुमच्या हाती अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा कारभार आलाच, तर नियमांच्या पुस्तकाला घाबरू नका. ते कपाटात शोभतं. उघडायची वेळ येते ती कुणाचं तरी हाड मोडल्यावर.

ऑक्टोबर २०१५मधलं उदाहरण गिरवायला घ्या. डॉजर स्टेडियमवर डॉजर्स संघाचा चेस अटली दुसऱ्या बेसकडे (म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्याकडे) धावला आणि घसरला तो थेट मेट्स संघाचा क्षेत्ररक्षक रुबेन तेहादा याच्या पायांवर. तेहादा चेंडू घेऊन वळत होता. त्याचा पाय मोडला. एका फटक्यात दोन गडी बाद होऊ नयेत म्हणून क्षेत्ररक्षकाला मुद्दाम आडवं पाडायचं नाही, हे पुस्तकात होतंच. पण तो नियम लावायचा म्हणजे मर्दानी खेळाचा अपमान! त्याऐवजी अंपायरांनी वर्षानुवर्षं एक सोय चालवली होती: क्षेत्ररक्षकाचा पाय बेसच्या आसपास असला तरी ‘टेकला’ समजायचं आणि धावणाऱ्याला बाद द्यायचं, म्हणजे बिचाऱ्याला वेळेत बाजूला होता येईल. पाडणाऱ्याला आवरण्यापेक्षा पडणाऱ्याला पळवाट देणं केव्हाही स्वस्त.

त्या रात्री मात्र काटेकोरपणाचा झटका आला. रिप्ले पाहिला, तर तेहादाचा पाय बेसला लागलेला नव्हता. बेसला अटलीही शिवला नव्हता, पण तो ‘सेफ’, म्हणजे नाबाद, ठरला. भिंग कोणाच्या पायावर धरायचं हे जमलं की न्यायदानात काही अवघड नाही. पुढे दोन सामन्यांची बंदी घाला, अपील येऊ द्या, मार्च २०१६मध्ये ती मागे घ्या. आणि त्याच हंगामापासून घसरण्याचा नवा नियम लागू करा.

नवा नियम आणताना जुन्यांचं मन मात्र दुखवू नका. १६ ऑगस्ट १९२० रोजी क्लीव्हलँडचा फलंदाज रे चॅपमन याच्या डोक्यावर चेंडू बसला. आवाज असा झाला, की चेंडू टाकणाऱ्या पिचर कार्ल मेजला तो बॅटचाच वाटला. त्याने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकलासुद्धा. दुसऱ्या दिवशी चॅपमन गेला. हेल्मेटची पक्की सक्ती आली १९७१ साली, तीही नव्या खेळाडूंना. बॉब माँटगोमेरी १९७९पर्यंत साध्या टोपीत अस्तर घालून बॅटिंग करत होता. घाई कसली?

घाई करायचीच असेल, तर ऐन हंगामात करा. पकड वाढवायला पिचरने चेंडूला चिकट काही फासायचं नाही हा नियम शंभर वर्षांचा. त्याच्याकडे काणाडोळा करा आणि २१ जून २०२१ला अचानक जागे व्हा. टॅम्पा बेचा पिचर टायलर ग्लासनाऊ म्हणाला, कारवाईची चाहूल लागली म्हणून मी सनस्क्रीन आणि राळ सोडली, चेंडू जास्त आवळून धरायला लागलो, त्यातच माझं कोपर गेलं. बदल हंगाम संपल्यावर करा ना, असंही त्याचं म्हणणं! तुम्ही सहानुभूतीने मान डोलवा. मग अंपायरला हळूच सांगा, पुढच्या पिचरचा पट्टा जरा नीट चाचपून बघ, चिकट काही लपवलंय का ते.